घराघरांतला चित्रकार : राजा रविवर्मा

प्रस्तावना

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कमळावर उभी असलेली लक्ष्मी किंवा वीणा हाती घेतलेली सरस्वती चौकटीत बसवलेली आपण पाहिली असेल. दिनदर्शिकेवर, दुकानाच्या गल्ल्यामागे, वहीच्या वेष्टनावर ही चित्रे आपल्याला इतकी परिचित असतात की ती कोणी तरी प्रथम रंगवली असतील, हा विचारही मनात येत नाही. या चित्रांमागचा आद्य कुंचला होता राजा रविवर्मा यांचा. ते मूळचे व्यक्तिचित्रकार. राजेरजवाड्यांची, दिवाणांची, इंग्रज अधिकाऱ्यांची हुबेहूब चित्रे रंगवण्यात त्यांची हयात गेली. तरीही आज जनमानस त्यांना ओळखते ते देवदेवतांच्या छापील चित्रांमुळे. ज्यांना कोणी हाताला धरून तैलरंगांची विद्या शिकवली नाही, त्यांनी आपली चित्रे सर्वांसाठी खुली करून दिली. हे कसे घडले, ते या पाठात आपण पाहणार आहोत.

तंजावरचा वारसा

रविवर्मा जन्माने केरळचे. परंतु त्यांच्या चरित्राचे धागे तमिळनाडूतील तंजावर या नगराशी पुन:पुन्हा जुळलेले दिसतात. तंजावर हे कावेरीच्या खोऱ्यातील प्राचीन नगर. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात तेथे भोसल्यांचे राज्य स्थापन केले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. या सुमारे पावणेदोनशे वर्षांत तंजावरात मराठी, तमिळ, तेलुगू आणि संस्कृत या भाषा एकत्र नांदल्या. संगीत, नृत्य, ग्रंथसंग्रह आणि चित्रकला यांना तेथे उदार आश्रय मिळाला.

तंजावरी चित्रशैली याच आश्रयाखाली बहरली. लाकडी फळीवर कापड चिकटवावे, त्यावर लेप देऊन पृष्ठभाग गुळगुळीत करावा, दागिने आणि महिरपी उठावदार करून त्यांवर सोन्याचा वर्ख लावावा, मधूनमधून रंगीत खडे जडवावेत आणि मग सपाट, तेजस्वी रंगांत देवाची मूर्ती साकारावी, अशी ही पद्धत. चित्र अंधाऱ्या देवघरातही समईच्या उजेडात झळाळून उठे. मात्र सोने आणि खडे वापरून केलेले असे चित्र राजवाडा, मठ, मंदिर किंवा सधन व्यापारी यांनाच परवडणारे होते. सामान्य माणसाच्या भिंतीवर त्याला जागा नव्हती.

या शैलीचे कलावंत दक्षिणेतील इतर दरबारांतही जात असत. मदुरेचे अळगिरी नायडू हे असेच एक चित्रकार त्रावणकोरच्या दरबारी आले. त्यांच्याकडे किळिमानूर येथील राजराज वर्मा नावाच्या एका तरुण सरदाराने तंजावरी पद्धतीची चित्रकला शिकून घेतली. हेच राजराज वर्मा आपल्या चरित्रनायकाचे मामा होत.

बालपण

रविवर्म्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी केरळातील किळिमानूर येथे झाला. त्रावणकोरच्या राजघराण्याशी किळिमानूरच्या घराण्याचे विवाहसंबंध पिढ्यान् पिढ्या होत आले होते. वडील नीळकंठन भट्टतिरिपाद हे संस्कृतचे विद्वान होते. आई उमा अंबाबाई या स्वत: कवयित्री होत्या. घरात पुराणांचे वाचन, संस्कृत काव्य, संगीत आणि कथकळी यांचे वातावरण होते. पुढे त्यांनी रंगवलेल्या शकुंतला, दमयंती, द्रौपदी या नायिका त्यांना लहानपणीच अशा प्रकारे भेटल्या होत्या.

मुलगा हाती कोळसा आला की वाड्याच्या भिंतींवर हत्ती, घोडे, माणसे काढी. सारवलेल्या, रंगवलेल्या भिंती काळ्या होत. नोकरचाकर वैतागत, मामांनी मात्र त्या रेघांमध्ये काही वेगळेच पाहिले. एकदा मामांनी अर्धवट सोडलेले एक चित्र या मुलाने त्यांच्या अपरोक्ष पुढे रंगवले आणि ते पाहून मामांनी रागावण्याऐवजी त्याला शिष्य म्हणून पत्करले, अशी आठवण त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. चित्रकलेचे पहिले धडे त्यांना याप्रमाणे घरीच, तंजावरी परंपरेत तयार झालेल्या मामांकडून मिळाले. पाने, फुले आणि माती यांपासून रंग तयार करणे, रेषेवर ताबा ठेवणे, अलंकारांचे बारकावे टिपणे, हे सारे त्यांनी तेथे आत्मसात केले.

बंद दाराआडची विद्या

१८६२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, मामा त्यांना तिरुअनंतपुरम येथे घेऊन गेले. त्रावणकोरचे महाराज आयिल्यम तिरुनाळ हे कलाप्रेमी होते. त्यांनी या मुलाची चित्रे पाहिली आणि त्याला राजधानीत राहण्याची मुभा दिली. दरबारच्या संग्रहातील युरोपीय चित्रांच्या प्रतिकृती त्याला तेथे पाहायला मिळाल्या. त्या चित्रांतील माणसे सपाट नव्हती. गालावर उजेड पडलेला दिसे, वस्त्राच्या चुण्यांत सावली दाटलेली दिसे, दूरचा डोंगर दूरच वाटे. हे सारे तैलरंगांमुळे साधते, हे त्याच्या लक्षात आले.

परंतु तैलरंग वापरायचे कसे, हे शिकवणार कोण? दरबारात रामस्वामी नायडू या नावाचे एक चित्रकार होते. त्यांना ही विद्या अवगत होती. पण आपला प्रतिस्पर्धी आपणच तयार करावा, असे त्यांना वाटले नाही. त्यांनी शिकवण्यास नकार दिला. त्यांच्या हाताखालचा आरुमुगम पिळ्ळै हा शिष्य मात्र रात्री गुपचूप येऊन आपल्याला ठाऊक असलेली कृती तरुण रविवर्म्यांना सांगत असे, असे म्हणतात. तेल किती घालावे, रंग किती दाट ठेवावा, एक थर वाळल्याशिवाय दुसरा का देऊ नये, अशा लहानसहान गोष्टींचे ज्ञान त्यांनी याप्रमाणे कणाकणाने गोळा केले.

१८६८ साली थिओडोर जेन्सन हे युरोपीय चित्रकार महाराजांची व्यक्तिचित्रे रंगवण्यासाठी त्रावणकोरला आले. त्यांनीही रविवर्म्यांना शिष्य म्हणून स्वीकारले नाही. ते काम करत असताना बाजूला उभे राहून पाहण्याची परवानगी तेवढी महाराजांच्या शब्दामुळे मिळाली. वीस वर्षांचा हा तरुण दिवसा जेन्सन यांचा हात पाहत राही आणि पाहिलेले आपल्या खोलीत येऊन करून बघे. चुकलेले पुसावे, पुन्हा रंगवावे, पुन्हा पुसावे, असा हा अभ्यास होता. कोणत्याही कलाशाळेत न जाता रविवर्म्यांनी तैलचित्रणावर प्रभुत्व मिळवले, ते या निरीक्षणाच्या आणि सरावाच्या बळावर.

दरम्यान १८६६ साली मावेलिकरा येथील राजघराण्यातील भागीरथी यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. केरळातील त्या काळच्या रीतीप्रमाणे घराण्याचा वारसा स्त्रियांकडून चाले. रविवर्म्यांच्या पत्नीचे त्रावणकोरच्या राजघराण्याशी निकटचे नाते होते. तरीही केवळ राजघराण्याचे आप्त म्हणून सुखात राहणे रविवर्म्यांना मानवले नाही. उच्चकुलीन पुरुषाने मोबदला घेऊन चित्रे काढणे त्या समाजात कमीपणाचे मानले जाई. रविवर्म्यांनी तो समज बाजूला सारला आणि चित्रकला हाच आपला व्यवसाय म्हणून निवडला. १८७० साली कोळ्ळूर येथील मूकाम्बिकेचे दर्शन घेऊन परतताना कालिकत येथे त्यांनी एका कुटुंबाचे चित्र मोबदला घेऊन रंगवले. त्यांच्या व्यावसायिक जीवनाचा आरंभ येथून झाला असे मानतात.

व्यक्तिचित्रकाराची कीर्ती

१८७३ साली मद्रास येथील कलाप्रदर्शनात रविवर्म्यांनी एक चित्र पाठवले. केसांत फुलांची वेणी माळणारी नायर स्त्री हा त्याचा विषय. या चित्राला गव्हर्नरांचे सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी युरोपातील व्हिएन्ना येथील प्रदर्शनातही या चित्राचा गौरव झाला. पंचवीस वर्षांच्या, कोणाचाही रीतसर शिष्य नसलेल्या चित्रकाराचे नाव एका वर्षात सर्वत्र गेले.

यानंतर व्यक्तिचित्रांसाठी त्यांना निमंत्रणे येऊ लागली. १८७८ साली मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांचे पूर्णाकृती चित्र त्यांनी रंगवले. ज्या कामासाठी आजवर युरोपातून चित्रकार बोलावले जात, ते काम एका भारतीय चित्रकाराकडे आले, ही त्या काळी मोठी गोष्ट होती.

व्यक्तिचित्रण ही अवघड कला आहे. चेहरा हुबेहूब उतरला पाहिजे, एवढेच त्यात पुरेसे नसते. समोर बसलेल्या व्यक्तीचा स्वभाव, तिचा अधिकार, तिच्या वयाचा थकवा हेही रंगांतून उमटावे लागते; शिवाय चित्र तिला आवडावेही लागते. राजेलोकांना फार वेळ एका जागी बसवणे शक्य नसे. तेव्हा रविवर्मा छायाचित्रांचाही आधार घेत. रेशमी वस्त्राची चमक, मोत्याचा पांढुरका उजेड, सोन्याच्या कडेवर पडलेला कवडसा हे रंगवण्यात त्यांचा हातखंडा होता. तंजावरी चित्रांत सोने खरोखरच चिकटवले जाई. रविवर्म्यांनी तेच सोने पिवळ्या आणि तपकिरी रंगांच्या छटांतून भासवले. मामांकडे अलंकारांवर बसलेली नजर आणि जेन्सनकडे पाहून शिकलेला हात यांचा संगम त्यांच्या चित्रांत असा झालेला आढळतो.

त्यांचे धाकटे बंधू सी. राजराज वर्मा हे स्वत: उत्तम चित्रकार होते. निसर्गदृश्ये रंगवण्यात ते विशेष निपुण होते. पुढील आयुष्यात दोघे भाऊ एकत्र प्रवास करत, एकत्र चित्रे पूर्ण करत आणि व्यवहाराचा बराचसा भार धाकटे बंधूच उचलत. त्यांनी लिहिलेल्या रोजनिशीमुळे रविवर्म्यांच्या आयुष्याची पुष्कळ माहिती आज उपलब्ध आहे. बहीण मंगलाबाई याही चित्रकार होत्या.

बडोद्याच्या वाटेवर भेटलेले तंजावरकर

१८८० साली महाराज आयिल्यम तिरुनाळ यांचे निधन झाले आणि रविवर्म्यांचा पहिला मोठा आश्रयदाता हरपला. आता त्रावणकोरच्या बाहेर पाहणे आवश्यक होते. अशा वेळी त्यांना उपयोगी पडले ते सर टी. माधवराव. त्यांच्या नावातील 'टी' हे अक्षर तंजावरचे निदर्शक आहे. १८२८ साली कुंभकोणम येथे, तंजावरी मराठी कुटुंबात जन्मलेले माधवराव हे त्या काळातील अत्यंत कर्तबगार प्रशासक होते. रविवर्मा तिरुअनंतपुरमला शिकत होते, त्या काळात माधवरावच तेथील दिवाण होते. त्यामुळे या तरुणाची धडपड त्यांना ठाऊक होती. पुढे १८७५ पासून ते बडोदे संस्थानचे दिवाण झाले. तेव्हा सयाजीराव गायकवाड अल्पवयीन होते. सयाजीरावांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार १८८१ च्या डिसेंबरात मिळाले. या समारंभाच्या निमित्ताने रविवर्मा बडोद्यास आले आणि त्यांनी तेथे राजकुटुंबातील व्यक्तींची चित्रे रंगवली.

बडोद्यात त्यांना आणखी एक तंजावरकर व्यक्ती भेटली. ती म्हणजे महाराणी चिमणाबाई. सयाजीरावांच्या या पहिल्या पत्नी तंजावरच्या मराठा कुळातील. १८८० साली त्यांचा विवाह झाला, तेव्हा त्यांच्यासोबत तंजावरच्या नर्तकी आणि वादक बडोद्यास आले आणि कावेरीकाठचे नृत्य विश्वामित्रीच्या काठी पोहोचले. रविवर्म्यांनी या महाराणींचे चित्र रंगवले. १८८५ साली, ऐन तारुण्यात, क्षयाच्या विकाराने चिमणाबाईंचे निधन झाले. मागे लहानगा मुलगा राहिला. ज्या मुलाला आईचा चेहरा आठवणे शक्य नव्हते, त्याच्यासाठी आणि आपल्यासाठीही तो चेहरा उरला आहे तो रंगांत. व्यक्तिचित्राचे मोल काय असते, हे अशा वेळी कळून येते.

पुराणकथांना मिळालेले चेहरे

व्यक्तिचित्रांनी रविवर्म्यांना कीर्ती आणि अर्थप्राप्ती करून दिली. तथापि पुराणांतील कथा रंगवाव्यात, ही ओढ त्यांच्या मनात सुरुवातीपासून होती. दुष्यंताला कमळाच्या पानावर पत्र लिहिणाऱ्या शकुंतलेचे त्यांचे चित्र १८७६ साली मद्रासच्या प्रदर्शनात गौरवले गेले होते. पुढे सयाजीरावांनी त्यांच्याकडे रामायण, महाभारत आणि पुराणे यांतील प्रसंगांवर चौदा चित्रांचे काम सोपवले.

येथे एक मोठा प्रश्न उभा राहिला. सीता कशी दिसत असेल? द्रौपदीने कोणते वस्त्र नेसले असेल? केरळातील स्त्रीचा वेष मराठी माणसाला परका वाटेल आणि राजस्थानातील घागरा तमिळ माणसाला परका वाटेल. सर्व भारतीयांना आपलीशी वाटेल अशी नायिका हवी होती. या प्रश्नाच्या शोधात रविवर्मा आणि त्यांचे बंधू उत्तर भारताच्या प्रवासाला निघाले. त्यांनी तीर्थक्षेत्रे पाहिली, शिल्पे पाहिली, लोकांचे पोशाख न्याहाळले. अखेर त्यांची निवड साडीवर स्थिरावली. त्यांच्या अनेक नायिकांच्या अंगावर मराठी पद्धतीचे नऊवारी लुगडे दिसते. मुंबईच्या वास्तव्यात पाहिलेल्या मराठी स्त्रियांची ठेवण, त्यांचा बांधा आणि चालण्यातील डौल त्यांच्या चित्रांतून प्रकटला. केरळच्या चित्रकाराने, तंजावरी संस्कार घेऊन, मराठी वेषातील नायिका रंगवाव्यात आणि त्या साऱ्या भारताने आपल्या मानाव्यात, असा हा योग होता.

ही चौदा चित्रे पूर्ण झाल्यावर ती लोकांना पाहण्यासाठी मांडण्यात आली. पाहणाऱ्यांची झुंबड उडाली. आजवर कीर्तनातून आणि पोथीतून ऐकलेल्या व्यक्ती प्रथमच हाडामांसाच्या माणसांसारख्या समोर उभ्या होत्या. नळाचा निरोप ऐकणारी दमयंती, तपोभंगाच्या क्षणीचे विश्वामित्र आणि मेनका, जटायूचे पंख छाटणारा रावण यांसारखे प्रसंग रविवर्म्यांनी पुढेही रंगवले. १८९३ साली अमेरिकेतील शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांची भारतातील विविध समाजांच्या स्त्रियांची दहा चित्रे मांडली गेली आणि तेथेही त्यांना पदके मिळाली.

चित्रांचा छापखाना

तैलचित्र एकच असते. ते ज्याच्या वाड्यात टांगले, त्याच्या पाहुण्यांनीच ते पाहायचे. रविवर्म्यांची चित्रे मिळावीत म्हणून इतकी मागणी येत असे की एका माणसाच्या हाताने ती पूर्ण करणे अशक्य होते. यावर सर टी. माधवरावांनी एक उपाय सुचवला होता. निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात, म्हणजे ती असंख्य लोकांपर्यंत पोहोचतील, असा तो सल्ला होता. रविवर्म्यांनी एक पाऊल पुढे टाकले. चित्रे परदेशात छापून आणण्याऐवजी छापखानाच आपल्या देशात आणावा, असे त्यांनी ठरवले.

१८९४ साली मुंबईत त्यांचा शिळाछापखाना सुरू झाला. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आले. या पद्धतीत गुळगुळीत केलेल्या खास दगडावर तेलकट शाईने चित्र काढले जाते. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून ओल्या दगडावर शाई फिरवली की ती केवळ रेखाटलेल्या भागावर बसते आणि कागदावर उमटते. चित्रातील प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो. एकाच कागदावर एकामागून एक दगड तंतोतंत जुळवून छापावे लागतात. केसाएवढी चूक झाली तरी देवीचे ओठ गालावर सरकतात. असे अनेक ठसे एकावर एक बसले की तैलचित्राचा भास होणारे रंगीत चित्र तयार होई.

या छापखान्यातून लक्ष्मी, सरस्वती, राम, कृष्ण, शंकर, शकुंतला, मोहिनी अशी चित्रे बाहेर पडली आणि पाहता पाहता देशभर पसरली. तंजावरच्या देवाला सोन्याची झळाळी होती. हा देव कागदावरचा होता. परंतु तो मजुराच्या खोलीत येऊ शकत होता. त्या काळी देशातील कित्येक मंदिरांची दारे दलित समाजाला बंद होती. खुद्द त्रावणकोरात ती १९३६ साली राजघोषणेने उघडली. ज्यांना गाभाऱ्यापर्यंत जाण्याची बंदी होती, त्यांच्या हाती निदान देवाचे चित्र आले. ते विकत घ्यायला कोणाची परवानगी लागत नव्हती. रविवर्म्यांच्या कार्याचा हा परिणाम त्यांच्या कोणत्याही पदकापेक्षा मोठा आहे.

मात्र या उद्योगाने त्यांना सुख दिले नाही. चित्रकार चांगला व्यापारी असतोच असे नाही. छापखान्याचा खर्च मोठा, हिशेब गुंतागुंतीचे आणि वसुली संथ. त्यातच १८९६ पासून मुंबईत प्लेगने थैमान घातले. कामगार शहर सोडून गेले, व्यवहार थंडावले आणि कर्ज वाढत गेले. १८९९ साली छापखाना लोणावळ्याजवळील मळवली येथे हलवण्यात आला. तरीही तोटा भरून निघेना. अखेर विसाव्या शतकाच्या आरंभी रविवर्म्यांनी आपला छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला आणि त्यासोबत आपली अनेक चित्रे छापण्याचा हक्कही दिला. ज्या स्वप्नाने त्यांना घराघरांत पोहोचवले, त्याच स्वप्नाने त्यांची मिळकत गिळली. छापखाना पुढे दुसऱ्याच्या मालकीने कित्येक दशके चालला. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनीही तरुणपणी या छापखान्यासाठी काम केले होते. १९७२ साली लागलेल्या आगीत छापखान्याची मोठी हानी झाली.

अखेरची वर्षे

छापखान्याच्या तोट्यानंतरही रविवर्म्यांचा कुंचला थांबला नाही. १९०१ साली ते उदयपूरला गेले आणि तेथे त्यांनी महाराणा प्रताप यांचे चित्र रंगवले. १९०४ साली ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. म्हैसूरच्या महाराजांनी पुराणप्रसंगांवरील नऊ चित्रांचे काम त्यांच्याकडे सोपवले. साठीकडे झुकलेल्या चित्रकाराला हे काम उत्साह देणारे होते.

परंतु १९०५ च्या आरंभीच धाकटे बंधू राजराज वर्मा यांचे निधन झाले. पत्नी भागीरथी १८९१ मध्येच निवर्तल्या होत्या. आता प्रवासातला सोबती, चित्रातला भागीदार आणि व्यवहारातला आधारही गेला. बंधूने रंगवलेली आकाशे आणि झाडे ज्यांच्या पार्श्वभूमीवर असत, ती चित्रे एकट्याने पूर्ण करायची होती. मधुमेहाने शरीरही खचत चालले होते. तशाही स्थितीत त्यांनी म्हैसूरचे काम पार पाडले. २ ऑक्टोबर १९०६ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली.

कार्याचे मोल

रविवर्म्यांच्या हयातीतच आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या कलेवर टीकाही झाली. त्यांची शैली युरोपीय आहे, त्यांच्या देवी नाटकातील पात्रांसारख्या दिसतात, अजिंठ्याच्या किंवा लघुचित्रांच्या भारतीय परंपरेशी त्यांचे नाते उरलेले नाही, असे बंगालमधील कलाचळवळीचे म्हणणे होते. या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. छापील चित्रांतील गोऱ्या वर्णाच्या देवींमुळे सौंदर्याची एकच ठरावीक कल्पना रूढ झाली, हेही नाकारता येत नाही. परंतु टीकाकारांनी एक गोष्ट पुरेशी लक्षात घेतली नाही. रविवर्म्यांनी परके तंत्र घेतले. पण त्यातून ज्या कथा सांगितल्या, त्या इथल्या मातीतल्या होत्या, आणि ज्या लोकांसाठी सांगितल्या, त्यांना त्या तात्काळ कळल्या.

१९७९ साली भारत सरकारने त्यांच्या कलाकृतींना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा दिला. त्यामुळे त्यांची भारतातील मूळ चित्रे आता देशाबाहेर विक्रीस नेता येत नाहीत. तिरुअनंतपुरम, म्हैसूर आणि बडोदे येथील संग्रहांत ती आपण आजही पाहू शकतो. मावेलिकरा येथील कला महाविद्यालयाला त्यांचे नाव दिलेले आहे.

रामस्वामी नायडूंनी ज्या मुलाला शिकवायचे नाकारले, जेन्सन यांनी ज्याला केवळ उभे राहून पाहू दिले, त्या मुलाला विद्या अडवली गेल्याचे दु:ख ठाऊक होते. त्याने पाहून शिकावे आणि आपले काम साऱ्यांच्या नजरेसमोर ठेवावे, यात एक न्याय आहे. आपल्या घरातील भिंतीवरच्या त्या जुन्या चौकटीकडे पुन्हा कधी लक्ष गेले, तर कोणाच्याही बंद दाराआड न थांबलेला हा चित्रकार आपण अवश्य आठवावा.

स्वाध्याय

१. रविवर्म्यांना तैलरंगांचे ज्ञान कसकसे मिळाले, ते आपल्या शब्दांत लिहा.
२. रविवर्म्यांच्या जीवनात तंजावरशी संबंधित कोणकोणत्या व्यक्ती आल्या? प्रत्येकीचे महत्त्व दोन वाक्यांत सांगा.
३. तंजावरी चित्र आणि रविवर्म्यांचे छापील चित्र यांतील फरक स्पष्ट करा.
४. छापखान्यामुळे समाजाला काय लाभले आणि रविवर्म्यांना काय सोसावे लागले?
५. रविवर्म्यांच्या कलेवरील टीका आपल्याला पटते का? कारणे द्या.
६. कोणत्याही शाळेत न जाता, केवळ पाहून आणि सराव करून आपण किंवा आपल्या परिचयातील कोणी एखादी विद्या शिकली असेल, तर तो अनुभव दहा ओळींत लिहा.